बुटकं छप्पर

“बाबा, ही माणसं एक का होत नाहीत?”

इथूनच धरा. लिहून द्या, लिहून द्या म्हणून माझ्या मागं लागलात, वर म्हणता सविस्तर लिहा. सविस्तर लिहायला मी काय तलाठी आहे?

तर हे विचारणारा याकूबा. मुलूख आफ्रिकेतला, वाळवंटाच्या काठचा. ज्याला विचारलं तो ओगोबारा, कड्यावरच्या गावचा म्हातारा. याकूबाला लहानपणी त्यानंच मार्गाला लावलेलं. आता याकूबा राजधानीत मोठा साहेब झाला होता. सगळ्या खंडानं मिळून पुढच्या पन्नास वर्षांचा एक बेत ठरवला होता, आणि तो गावोगाव पटवून द्यायचं काम ह्याच्याकडं.

बेत वाईट नव्हता, खोटं कशाला बोला. देशादेशांमधली फाटकं काढायची. ह्या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत रेल्वे न्यायची. वाळू पुढं सरकते, तिला झाडं लावून अडवायचं. आणि पाणी म्हणा, माती म्हणा, नातवंडांपुरती राखून मग आपण खायची.

ह्या गावाच्या वाट्याला त्यातला एवढासाच तुकडा आला होता. कड्यावर शेतकऱ्यांचं गाव, पायथ्याला गुराख्यांचं. मधल्या ओढ्यावर एक बंधारा. दोन्ही गावांनी शब्द द्यायचा, आणि तो आजच. नाही तर उद्या इंजिनियर मंडळी सामान उचलून दुसऱ्या मुलखात जाणार होती.

याकूबाची आई त्याच कड्यावर राहायची. विहीर आटलेली. म्हातारी पहाटे घागर घेऊन कडा उतरायची आणि ऊन तापल्यावर चढायची.

म्हणून त्यानं सकाळी झोकात सभा भरवली. मैदानात मांडव. खुर्च्या. कर्णा. बंधाऱ्याची झडप कुणाच्या ताब्यात राहणार, एवढ्यावरून माणसं उभी राहिली. उभी राहिली ती काठ्या घेऊनच. मांडवाचा खांब मोडला.

“बोला ना बाबा. का होत नाहीत?”

ओगोबारा कोलाच्या झाडाची कडू बी चघळत होता.

“मांडव किती उंच होता?”

“दोन पुरुष असेल. का?”

“आपलं छप्पर काय पडलं होतं?”

याकूबाला हसू आलं. कड्याच्या टोकाला पंचायतीचं जुनं छप्पर होतं. दगडी खांब, वर बाजरीच्या सरमाडाचे, म्हणजे वाळल्या ताटांचे, थरांवर थर. जुना थर काढायचा नाही, दर पिढीनं वर आपला घालायचा. पण छप्पर इतकं बुटकं की वाकून आत शिरायचं आणि बसूनच राहायचं. तिथं बसून दिलेला शब्द मोडायचा नाही, असा रिवाज.

“बाबा, सगळ्या खंडाचा प्रश्न त्या खोपटात? तिथं शेळीसुद्धा मान खाली घालून जाते.”

“शेळीला अक्कल असते,” ओगोबारा म्हणाला. “हमादूनला बोलाव.”

हमादून म्हणजे गुराख्यांचा मुखिया. ताडमाड उंच, तोंडाचा फाटका.

दुपारी दोन्ही गावची जाणती माणसं आत बसली. गुडघ्याला गुडघा लागलेला. याकूबा मधोमध.

“झडप आमच्याकडं,” हमादूननं सुरुवातच केली. “तहानेनं गुरं मरतात, बाजरी नाही.”

“बाजरीही मरते,” कड्यावरचा एक शेतकरी म्हणाला. “फक्त हंबरत नाही.”

“पाणी कुणी तोडलं होतं मागं?”

“आणि शेतात गुरं कुणाची होती? पाहुणी आली होती का?”

हमादूनची मान ताठ झाली. हात काठीवर गेला. तो उठू लागला... अर्धा उठला, पाठ सरमाडाला टेकली, तसाच थांबला. कुबड काढून कुणाला धमकी देता येते? मुकाट खाली बसला.

मग तो शेतकरी पेटला. तोही अर्धा उठला. तोही बसला.

ओगोबारा बी चघळत होता.

ऊन उतरायला लागलं. झडप होती तिथंच होती. गेला बंधारा... कडा चढणारी आई याकूबाच्या डोळ्यांपुढं आली, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अरे, सगळा खंड एक व्हायला निघालाय, आणि तुम्ही...”

म्हणत तो ताडकन उभा राहिला.

म्हणजे राहणार होता.

डोकं आढ्याच्या लाकडावर असं आपटलं की वरचं छप्पर हाललं. भुगा सगळ्यांच्या अंगावर पडला, आणि एक पाल हमादूनच्या मांडीवर.

हमादूननं पालीकडं बघितलं, मग याकूबाकडं.

मग हमादून हसला. असा हसला की काठी हातातून सुटली. शेतकरी हसला. मग सगळं छप्परच हसायला लागलं.

“अरे, तू इथंच वाढलास ना रे?” हमादूननं आपल्या पागोट्याची कड टरकन फाडली आणि याकूबाच्या कपाळाला गुंडाळली. “दाबून धर. खंड शाबूत आहे, कपाळच फुटलंय.”

“काय म्हणत होतास?” ओगोबारानं विचारलं.

“आठवत नाही, बाबा.”

“बरं झालं. बस.”

हमादून डोळे पुसत होता. “झडप ना, ह्या साहेबाच्या टाळक्यासारखी जड करा. एका गावाला उचलायचीच नाही!”

पुन्हा हशा झाला. मग तो हळूहळू विरला... माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

“खरंच तशी केली तर?” शेतकरी म्हणाला.

“तर पाणी सोडताना तुम्हाला आम्हाला हाक मारावी लागेल.”

“आणि तुम्हाला आम्हाला.”

“बोंबला,” हमादून म्हणाला. “म्हणजे जन्मभर तुमची तोंडं बघायची.”

पण हात त्यानं पुढं केला होता. बसल्या बसल्याच. ओगोबारानं त्यावर आपला ठेवला.

याकूबानं इंजिनियरांकडं माणूस पळवला आणि कड्यावर येऊन बसला. कपाळ ठणकत होतं, आणि तरी त्याला एकसारखं हसू येत होतं. आईला सांगायला जायचं होतं. उद्या नाही, परवा नाही, पण पुढच्या पावसाळ्यानंतर बंधाऱ्याचं पाणी विहिरीत मुरलं की तिला कडा उतरावा लागणार नव्हता.

ओगोबारा छपराशीच होता. निसटलेल्या काड्या एकेक करून पुन्हा खोचत होता.

“जिंकलो बाबा! दोन गावं एक झाली. मनं जुळली.”

“कुणाची?”

“तुमचीच की. तुमची आणि हमादूनची.”

“त्यानं भरल्या बाजारात माझ्या बापाला चोर म्हटलं होतं. अजून माफी मागितलेली नाही.”

याकूबा उठून छपराशी आला.

“मग... हात का दिलात त्याला?”

म्हाताऱ्यानं आणखी एक काडी खोचली. बोटानं चाचपून पाहिली...

“वेडा आहेस. पाण्यावाचून तो मुलूख सोडून गेला, तर माझी माफी मागणार कोण? मागायचीय ती त्यानंच ना... हमादूननं!”