ससाण्यावर जळणारा कावळा

दुर्बिणी नव्यानव्या निघाल्या होत्या ना, तेव्हाची गोष्ट. डोंगरावर दुर्मीळ बहिरी ससाणा आला आणि त्याला बघायला ही माणसं लोटली! कावळा जाम जळला. "मी रोज इथेच असतो, माझ्याकडे कुणी ढुंकून तरी बघतं का?"

ससाणा कड्याच्या कपारीत गुपचूप बसलेला. दुपार झाली तरी कुणालाच दिसेना. माणसं वैतागून पिशव्या आवरायला लागली. कावळा खूश!

साळुंकी म्हणाली, "आता गप्प बस हं, बाबा."

पण गप्प बसेल तो कावळा कसला? थेट कपारीपाशी जाऊन ओरडला, "काय राजे, बघितलं का कुणी तुम्हाला?"

त्या कावकावीने सगळ्या दुर्बिणी तिकडे वळल्या.

"सापडला! तो बघ, कपारीत!"

"काय देखणा आहे रे! पण तो कावळा मध्ये येतोय, हाकल त्याला."