दिगंबरच्या सहा खिडक्या

“पण पाणी आत येणार नाही ना, मेस्त्री?”

दिगंबर कुबलने हा प्रश्न सकाळपासून चौथ्यांदा विचारला होता.

परसातल्या पत्र्याच्या मांडवाखाली झिलू मेस्त्री होडीच्या बाजूवर तळहात फिरवत उभे होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. एके काळी खाडीतल्या निम्म्या होड्या त्यांच्या हातच्या. मग कधीतरी, हातात चांगली ताकद असतानाच, त्यांनी हत्यारं खाली ठेवली ती कायमची. कोणी विचारलं तर म्हणत, डोळे गेले. पण शंभर पावलांवरून येणारं माणूस ते चालीवरून ओळखत, हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं.

तरी कोणाचीही नवी होडी पाण्यात जायची वेळ आली की आधी झिलू मेस्त्रींना बोलावणं जाई. ते तिच्यावर हात ठेवत. “जाऊंदे” म्हणाले की होडी जाई.

दिगंबरने त्यांना गुरू केलं होतं. म्हणजे त्याने केलं होतं. मेस्त्रींनी कधी हो म्हटलं नव्हतं. मुंबईत तीस वर्षं कागदावर जहाजं काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ. गावी आला आणि घराच्या परसात स्वतःच्या हाताने होडी बांधायला बसला. दर शनिवारी मेस्त्रींच्या पाया पडायचा आणि पुढचा तासभर त्यांनाच शिकवायचा.

अशी पाच वर्षं गेली. होडी मात्र झाली, आणि खरं सांगायचं तर देखणी झाली. बावीस फुटांची, मधे केबिन, केबिनला दोन्ही बाजूंना तीन-तीन खिडक्या.

उद्या सकाळी भरती होती. नारळ, हार, ढकलायला माणसं, सगळं ठरलं होतं.

एकच गोष्ट ठरायची होती.

दिगंबरची बायको सुमती सोळा वर्षांची असताना तिचे वडील खाडीच्या तोंडाशी होडी उलटून गेले. वर होते ते चौघे पोहत काठाला लागले. वडील आत केबिनमधे झोपले होते. तेव्हापासून सुमतीने होडीत पाय ठेवला नव्हता. तिचं माहेर समोरच्या काठावर, होडीने जेमतेम पाव तास. ती मात्र दोन एसट्या बदलून, पुलावरून वळसा घालून जायची. म्हातारी आई आजारी पडली तेव्हाही तशीच गेली, आणि पोचली तोवर उशीर झाला होता.

ही होडी दिगंबरने तिच्यासाठी बांधली होती. सासऱ्यांच्या गोष्टीतून त्याने एवढंच घेतलं होतं की पाणी आत आलं. ते येऊ द्यायचं नाही.

सुमतीने एकच अट घातली होती. “झिलूकाका हो म्हणाले तर चढेन.”

“तेच का?”

ती उठून आत गेली होती.

“काल तासभर पाइप मारला,” दिगंबर आता सांगत होता. “वरून, खालून, तिरका. आत वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. हे बघा. कुरकुरीत! शब्दकोडंसुद्धा भिजलं नाही. मी मग बसून ते सोडवलं.”

मेस्त्रींनी वर्तमानपत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं.

“बरा केलंस.”

“बरं म्हणजे? तिला हो सांगू?”

...

मेस्त्री सावकाश शिडी चढून वर गेले. मधल्या खिडकीवर त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केलं.

“ही उघडता कशी?”

दिगंबरचा चेहरा खुलला. याच प्रश्नाची तो वाट बघत होता.

“उघडत नाही! उघडणारी खिडकी आज ना उद्या गळतेच. सहाच्या सहा पक्क्या आहेत. आधी रबर, मग काच, वर पितळी पट्टी, दर दोन बोटांवर स्क्रू. काच दहा मिलिमीटरची. आठ महिने नुसते खिडक्यांत गेले, मेस्त्री.”

“स्क्रू खयसून?”

“बाहेरून. आत एक दिसायचा नाही. आत कसं घरातल्यासारखं वाटलं पाहिजे सुमतीला.”

मेस्त्रींनी काचेवर नाक टेकवून आत पाहिलं. दोन बाकं, त्यांवर सुमतीने शिवलेल्या निळ्या गाद्या.

“वा...” ते म्हणाले.

पाच वर्षांत हे पहिलं ‘वा’. दिगंबरला आकाश ठेंगणं झालं.

“भितर जा. दार वोडून घे. मी भायरसून बघतंय.”

दिगंबर वाकून आत शिरला आणि दार ओढून घेतलं. बाकावर ताठ बसून राहिला. आता मेस्त्री पाणी ओततील, नाहीतर फळ्या ठोकून बघतील, असं त्याला वाटलं.

मेस्त्रींनी यातलं काही केलं नाही. त्यांनी दाराच्या कडीत सागाचा एक तुकडा सरकवला, शिडी उतरले आणि उलट्या घातलेल्या बादलीवर बसून तंबाखू मळायला घेतली.

...

“झालं का, मेस्त्री?”

दिगंबरने दार ढकललं. ते हललं नाही.

“कडी पडली वाटतं. जरा बघता?”

चैत्रातली दुपार होती आणि वर पत्रा. गादीला टेकलेली पाठ भिजली. परीक्षा असेल, असं म्हणून तो स्वतःशी हसला. मग हसू मावळलं. म्हाताऱ्याला काही झालं तर नाही? त्याने खिडकीतून पाहिलं. म्हातारा धडधाकट होता. त्याच्याकडेच बघत होता.

“मेस्त्री! दार!”

आवाज केबिनमधेच घुमला. किती पक्कं काम केलं आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं. तो घाबरला.

त्याने दाराला खांदा दिला. दारही त्यानेच बनवलेलं होतं, ते कसं हलणार! तो खिडकीकडे वळला आणि पट्टीच्या कडेने नखं फिरवू लागला. स्क्रू सापडेनात. स्क्रू बाहेर होते.

बाकाखाली एक हातोडी राहिली होती. त्याने ती उचलली, काचेपुढे धरली... आणि हात तसाच राहिला. किती स्वच्छ काच! एक बुडबुडा नाही. आठ महिने. आता उघडतील, आणखी थोडं थांबू, असं म्हणत त्याने हातोडी खाली केली. मग पुन्हा उचलली. पुन्हा खाली केली. छाती फुटेल असं वाटत होतं आणि काच फोडवत नव्हती.

सुमती तांब्याभर कोकम सरबत घेऊन मागच्या दाराने आली. तिला आधी बादलीवरचे मेस्त्री दिसले. मग काचेमागचं नवऱ्याचं तोंड दिसलं, घामाने डबडबलेलं, उघडं, काहीतरी ओरडणारं. आवाज येत नव्हता.

तिने तांब्या जमिनीवर ठेवला.

“काकानू, दार उघडा.”

“दार नाय, सुमे.”

“नाय म्हणजे?”

“होडी पालथी झाली. दार पाण्याखाली गेला.”

...

आतून दिगंबरला फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते. मग ते हलायचे थांबले. तिच्या तोंडावरचा रंग गेला. ही आता पडणार, असं त्याला वाटलं, आणि त्याने दोन्ही हातांनी काच बडवली.

ती पडली नाही. तिने मेस्त्रींच्या विनवण्या केल्या नाहीत, दाराकडेही पाहिलं नाही. फळ्यांच्या ढिगावर घण पडला होता. तो दोन्ही हातांनी उचलून ती शिडी चढली. सोळाव्या वर्षापासून ज्या बाईने होडीत पाय ठेवला नव्हता, ती होडीच्या काठावर पाय रोवून उभी राहिली.

पहिला घाव बसला. काचेवर ओरखडाही उठला नाही.

आतून दिगंबर हात हलवू लागला. नको, नको, काच नको! तिला ते दिसलं. तिने घण पुन्हा उचलला.

दुसऱ्या घावाला काच तडकली. तिसऱ्याला फुटली.

फुटक्या काचेतून आधी वारा आत आला आणि मग सुमतीचा आवाज.

“बाजूला व्हा! कधीची सांगतेय, बाजूला व्हा, बाजूला व्हा...”

ती रडत होती आणि ते तिला कळत नव्हतं.

मेस्त्री उठले. शिडी चढून कडीतला लाकडाचा तुकडा काढला आणि दार उघडलं. दिगंबर बाहेर आला तो धड चालत आला नाही. खाली उतरून मातीतच बसला. कपाळावर काचेचा बारीक ओरखडा होता. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले.

श्वास जागेवर आला तसा त्याला राग आला.

“तोंडाने सांगता आलं नसतं का, मेस्त्री?”

...

“पाच वर्षं तुमच्या पाया पडतोय. उद्या होडी पाण्यात जायची. आणि माझ्याच बायकोकडून माझीच खिडकी फोडून घेतलीत!”

...

“काम वाईट होतं? रबर कमी पडलं? काच हलकी होती? खोट काय होती, एवढं तरी सांगा!”

“खोट नाय हुती,” मेस्त्री म्हणाले.

“मग?”

मेस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते सुमतीकडे बघत होते. तिच्या हातात घण अजून तसाच होता. या बाईच्या नजरेला नजर देणं त्यांनी एवढी वर्षं टाळलं होतं. रस्त्यात समोर आली तर ते बाजूच्या पायवाटेने जात. आज टाळलं नाही. त्यांचा खालचा ओठ मात्र लहान पोरासारखा हलत होता.

सुमतीने पदराने तोंड पुसलं.

“सांगा त्यांका, काकानू,” ती हळूच म्हणाली. “माका म्हायत आसा.”

मग मेस्त्री म्हणाले,

“हिच्या बापाशीच्या होडयेच्यो खिडक्यो माझ्या हातच्यो. पाण्यातसून भायर काडली... तेवा एक पण काच फुटलली नाय हुती.”