वस्तादाच्या हातचं काडतूस

एकदा एक वस्ताद होता, आणि चूक त्याची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा गोष्टींत म्हातारा शेवटी बरोबर निघणार हे गृहीत धरून आपण वाचायला बसतो. इथे तसं धरू नका. शिष्या उतावीळ नव्हती, उद्धट नव्हती, तिची श्रद्धाही कुठे कमी पडली नाही. चूक वस्तादाची.

गावाबाहेर, टेकडीकडे तोंड करून, नेमबाजीचं एक सार्वजनिक मैदान होतं. परवाना असलेल्या कोणीही तिथे यावं, आपली बंदूक तपासावी, नेम धरावा. निवृत्त फौजदार यायचे, बँकेचे पहारेकरी यायचे, स्पर्धेची तयारी करणारी तरुण मंडळी यायची. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून, साफ करून, तिथल्याच पत्र्याच्या शेडमध्ये त्या रीतसर परवान्याने पुन्हा भरल्या जात. पुंगळीच्या बुडाला नवी टोपी बसवायची, पोटात मापाने दारू ओतायची, तोंडाशी शिशाची गोळी दाबायची. काम सोपं दिसतं. गोम एवढीच की गोळी एकदा बसली, की आत दारू आहे की नाही हे बाहेरून कोणालाही दिसत नाही.

दारू घालायची राहून गेलेलं काडतूस अगदीच मुकं नसतं. बुडाची टोपी फुटते आणि आपल्या जोरावर गोळीला अर्ध्या नळीपर्यंत ढकलते. आवाज येतो, पण फुसका. गोळी तिथेच अडकून बसते. खरा घात त्याच्या पुढच्या बाराला होतो. मागून नीट भरलेली गोळी सुटते, तिला रस्ता बंद मिळतो, आणि नळी नेमबाजाच्या हातात फाटते. बोटं जातात. कधी डोळे.

म्हणून वस्तादाने शेडच्या भिंतीवर नियम रंगवले होते, स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत. भरण्याच्या बाकावर बोलायचं नाही. भरलेलं प्रत्येक काडतूस काट्यावर तोलायचं, आणि हलकं निघालं तर बाजूला काढायचं. बाराचा आवाज फुसका आला तर बंदूक खाली ठेवायची आणि नळीत गज घालून बघायचा. आणखी एक नियम होता, तो रंगवायची गरज नव्हती. नेमबाज उभे राहत तिथे चुन्याची रेषा होती. बंदुका भरलेल्या असताना ती ओलांडून कोणी पुढे गेलं, की शिट्टी वाजायची, लाल निशाण चढायचं, झाडून सगळ्या बंदुका खाली यायच्या, आणि पुढे गेलेला माणूस त्या मैदानावरून कायमचा बाद व्हायचा. एका फौजदाराला वस्तादाने असं बाहेर काढलं होतं. फौजदार पाया पडला, तरी नाही.

नियम चांगले होते. वस्तादही मोठा होता, ते मी नाकारत नाही. त्याने कित्येक नेमबाज घडवले आणि त्याच्या मैदानावर कोणाच्या नखाला इजा झाली नाही. पण मग मोठ्या माणसांचं जे होतं ते त्याचंही झालं. नियम शिकणाऱ्यांसाठी असतात आणि आपण शिकून बसलो आहोत, असं त्याला हळूहळू वाटू लागलं. त्याला कोणी टोकलं नाही. टोकणार कोण? बाकावर पाणी मागितलं म्हणून एका मुलाला त्याने घरी पाठवलं होतं.

खंडेनवमीला त्या मैदानावर शस्त्रपूजा होई. बंदुकांना झेंडूच्या माळा घालत, आणि वस्ताद स्वतः भरलेली मूठभर काडतुसं कुंकू लावून त्या वर्षीच्या सर्वांत चांगल्या शिष्याच्या ओंजळीत घाली. पहिला नेम त्या काडतुसांनी साधायचा. ती काट्यावर चढत नसत. प्रसाद कोणी तोलून घेतं का? अशा रीतीने त्या मैदानावर एकच हात असा राहिला की जो कधी तपासला जात नव्हता, आणि तो हात आता म्हातारा झाला होता.

त्या वर्षी मान एका मुलीला मिळाला. टेम्पो चालवणाऱ्या बापाची मुलगी, बोलणं बेताचं, नेम मात्र असा की जुने फौजदार आपली बंदूक खाली ठेवून तिची बघत बसायचे. पुढच्या महिन्यात राज्यस्पर्धा होती. वस्ताद ज्याला नेईल तोच जायचा, आणि तो तिला नेणार हे ठरल्यासारखं होतं.

सकाळी वस्ताद बाकावर काडतुसं भरायला बसला. समोर शिष्या पुंगळ्या पुसून देत होती. तेवढ्यात एक व्यापारी आला. शेडला नवं छप्पर घालून देण्याचं त्याने कबूल केलं होतं, आणि देणाऱ्याला जेवढी मोकळीक मिळते तेवढी घेऊन तो थेट बाकाशीच खुर्ची ओढून बसला. म्हणाला, वस्ताद, तुमच्या तरुणपणीची ती स्पर्धा सांगा ना, मुंबईच्या साहेबांना गार केलं होतंत ती. वस्तादाने भिंतीकडे पाहिलं नाही. तो सांगू लागला. वारा कुठून होता, साहेबांचा चेहरा कसा पडला. हात चालू होते, तोंडही चालू होतं. व्यापारी मांडीवर थाप मारून हसला, वस्तादही हसला, आणि हसता हसता त्याने एका पुंगळीवर थेट गोळी दाबली. दारूचं माप मधे खाली आलं नाही.

निदान शिष्येला तसं वाटलं. तिची खात्री नव्हती. तिने तोंड उघडलं आणि वस्तादाने हसणं न थांबवता डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. बाकावर बोलायचं नाही. ती गप्प बसली. पाहिलेलं सांगायला तिथे एकच माणूस होता, आणि न बोलण्याचा नियम नेमका तिलाच लागू होता.

पूजा झाली. वस्तादाने काडतुसं तिच्या ओंजळीत घातली. सगळी सारखी, सगळ्यांवर कुंकवाची बोटं. शिष्या ती घेऊन काट्याकडे वळली. वस्तादाने काट्याच्या पारड्यावर तळहात ठेवला.

"माझ्या हातचं तोलतेस?"

आवाज चढलेला नव्हता, पण आजूबाजूला हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, उद्या देवाच्या नैवेद्यालाही काटा लावतील ही पोरं. शिष्येने हात मागे घेतला. तिच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करा. नेम धरला तर हात जाण्याची भीती. नाही धरला तर स्पर्धा जाणार, वस्ताद जाणार, चार वर्षांत उभं केलेलं सगळं जाणार. आणि हे सगळं एका शंकेवर. नजर चुकलीच असेल तर कोणाची, सत्तरीच्या वस्तादाची की तिची, हेही तिला ठामपणे सांगता येत नव्हतं.

ती रेषेवर उभी राहिली. वारा सारखा वळत होता, बंदुकांवरचे झेंडू हलत होते, पाहुणे खुर्च्या सरकवत होते. पहिला बार नीट गेला, गोळी चकतीच्या मधोमध बसली. टाळ्या पडल्या. तिने दुसरं काडतूस भरलं, श्वास रोखला, चाप ओढला.

फुस्स.

चकती हलली नाही. शिष्येने बंदूक मेजावर ठेवली आणि हात वर केला. नियम तसाच होता.

"वाऱ्याने आवाज खाल्ला," वस्ताद मागून म्हणाला. "चालव पुढची."

"वस्ताद, नळीत गज घालू द्या."

"लोक बघतायत, पोरी. माझ्या हातची काडतुसं आहेत. चालव."

व्यापारी शेजाऱ्याला म्हणाला की पोरगी आपल्याच बाराला दचकली वाटतं. ते वस्तादाने ऐकलं. त्याने शिष्येला खांद्याने बाजूला सारलं, म्हणाला, "सरक, राज्यस्पर्धेला दुसरं कोणी जाईल," आणि बंदूक उचलून रिकामी पुंगळी झटकली, कुंकू लावलेलं पुढचं काडतूस आत सरकवलं. शिष्या पुन्हा म्हणाली, "वस्ताद, नळी." तो खांद्याला दस्ता लावत होता. तिथे फौजदार होते, पहारेकरी होते, जन्मभर बंदुका हाताळलेली माणसं होती. फुसका आवाज त्यांनीही ऐकला होता. एकही जण पुढे झाला नाही. वडीलधाऱ्याचा हात धरायचा नसतो, हे शिकलेली माणसं ती.

तिनेही हात धरला नाही. ती चुन्याची रेषा ओलांडून पुढे चालू लागली.

क्षणभर कोणाला कळेना की ही करतेय काय. मग निशाण सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या हवालदाराने शिट्टी फुंकली, लाल निशाण चढवलं, आणि रेषेवरच्या झाडून सगळ्या बंदुका खाली आल्या. वस्तादाचीसुद्धा. त्याचा मेंदू विसरला असेल, हात विसरला नव्हता. माणूस पुढे असताना त्याच्या खांद्यावर बंदूक राहूच शकत नव्हती. मग तो ओरडला. काय ओरडला ते छापण्यासारखं नाही. शिष्या चकतीपर्यंत गेली आणि तिला पाठ लावून उभी राहिली.

"गज घातल्याशिवाय मी परत येणार नाही," ती तिथून म्हणाली.

हवालदाराने वस्तादाच्या हातातून बंदूक घेतली. काडतूस बाहेर काढलं, आणि नळीच्या तोंडातून गज आत सोडला. गज अर्ध्यावर गेला आणि थांबला. त्याने बाहेर काढून पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच. व्यापाऱ्याने आपली खुर्ची मागे नेली.

वस्ताद मेजाच्या कडेवर बसला. त्याने बराच वेळ आपल्या पंजाकडे पाहिलं. मग शिष्येला हाताने बोलावलं, सर्व मंडळींना जवळ घेतलं, आणि तो बोलला.

"नियम हा माणसापेक्षा मोठा असतो," तो म्हणाला. "ज्या हाताने तो लिहिला, तो हातही त्याच्याखालीच येतो. आज या मुलीने माझा शब्द मोडला आणि माझी शिकवण राखली. गुरूच्या मुखापेक्षा गुरूची विद्या श्रेष्ठ, हे तिने जाणलं. म्हणून रेषा ओलांडल्याचा तिचा अपराध मी सर्वांसमक्ष क्षमा करतो. स्पर्धेला तीच जाईल."

टाळ्या वाजल्या. एका फौजदाराने डोळे पुसले. व्याख्यानांत ही गोष्ट इथे संपवतात, आणि ऐकणारे प्रसन्न चित्ताने घरी जाऊन आपल्या मुलांवर ओरडतात.

शिष्या मात्र तशीच उभी राहिली. भाषण सुंदर होतं, प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि त्यात 'माझं चुकलं' हे शब्द कुठेही नव्हते. जिने त्याचा हात वाचवला, तिलाच त्याने क्षमा करून टाकली होती.

"वस्ताद," ती म्हणाली, "एक बोलायचं राहिलं तुमचं."

"काय राहिलं?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. त्याने पाहुण्यांकडे पाहिलं, व्यापाऱ्याकडे पाहिलं, नव्या शिष्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "सकाळी माझा हात चुकताना पाहिला होतास, तर तेव्हा का नाही बोललीस?"

"बाकावर बोलायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही बोट ओठांवर ठेवलं होतंत."

यावर हवालदाराने मान खाली घातली. वस्ताद म्हणाला, बरं, पूजेचा प्रसाद घेऊन जा. तिने प्रसाद घेतला, कारण तो देवाचा होता. मग बॅग उचलली. फाटकाशी थांबून तिने हवालदाराला सांगितलं की रेषा मी ओलांडलीय, नियमाप्रमाणे माझं नाव काढा. एका माणसाला सूट मिळाली तर काय होतं ते आजच पाहिलं ना आपण. त्या वर्षीची राज्यस्पर्धा तिची बुडाली.

त्यानंतर वस्तादाला चैन पडेना. तो बाकावर बसे आणि उठे. काडतूस भरे, तोले, पुन्हा तोले. ती दोन शब्दांची गोष्ट त्याच्या ओठांवर येई आणि त्याला वाटे, शिष्यापुढे मान तुकवली तर उद्या शिस्त कोण पाळेल. जणू त्या दिवशी शिस्त त्याच्या ताठ मानेने वाचवली होती. टेम्पोवाल्याच्या घरावरून तो दोनदा-तीनदा गेला. थांबला नाही.

वर्ष गेलं. पुन्हा खंडेनवमी आली. वस्तादाने काडतुसं एक अक्षर न बोलता भरली. मग सगळ्यांदेखत स्वतः काट्याशी गेला आणि आपल्या हातचं प्रत्येक काडतूस एकेक करून पारड्यात ठेवलं. सगळी वजनात उतरली. भिंतीवरच्या नियमांखाली उभा राहून तो म्हणाला, "गेल्या वर्षी माझं चुकलं होतं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हवालदाराने हळूच फाटकाकडे पाहिलं, मग वस्तादानेही पाहिलं. शिष्या तेव्हा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या कोणाच्या हाताखाली नेम धरत होती. तिथे काडतुसं सगळ्यांची तोलत.

ते दोन शब्द म्हणायला त्याने एक वर्ष लावलं. तेवढ्यात त्याची सर्वांत चांगली शिष्या गेली, आणि ती परत आली नाही.