गाडीची चुंबळ

थांबा. ह्या गोष्टीच्या शेवटी एका मानसाच्या डोक्यावर रांजन चढनार हाय. कुनाच्या, ते आत्ताच वळखा. वळखलंत तर ही माझी टोपी तुमची. तेलकट हाय, पर टोपी हाय. न्हाई वळखलंत तर गप ऐका.

एका गावात एक कुंभार व्हता. नाव म्हाळू. बायकूचं नाव हौसा. त्यांची गाढवं म्हातारी झाली, तवा म्हाळूनं घरच्या घरीच गाडी बनवली. भंगारातल्या जीपचा सांगाडा, पान्याच्या पंपाचं इंजान, आन् वर बाभळीच्या फळ्यांचा हौदा. आन् चालली की! गावातली कुत्री आदी भुकली, मग घाबरली, मग आपनच वाट सोडून बसली.

पर गाडी अशी थरथरायची की म्हाळूचं दात वाजायचं. पयल्या बाजाराला तीन कोस मडकी नेली, ती उतरवताना निम्मी चिरलेली.

दहा दिसांवर आखिती आली व्हती. आखितीला घरोघर पितरांच्या नावानं नवी घागर पुजत्यात. कुंभाराचं सारं वरीस त्या एका बाजारावर. आन् बाया काय तशाच घेत्यात व्हय? बोटानं टिचकी मारून बघत्यात. टन्न वाजलं तर घेनार, भद्द वाजलं तर खाली ठेवनार. चिरक्या घागरीत पितरांना पानी कोन देईल?

गावातला एक ट्रक ड्रायव्हर म्हनला, "म्हाळू, लोखंडावर हौदा सरळ आवळलास, तितंच चुकलास. मधी रबराचं गट्टू पायजेत. धक्का गट्टूनं खायचा, मडक्यानं न्हाई."

म्हाळू गेला तालुक्याला, रंगरावाच्या पार्टच्या दुकानात. ह्या रंगरावाची टोपी कडक इस्त्रीची, आन् जीभ त्याहून कडक.

"कुठल्या गाडीचं गट्टू?"

"माझ्या."

"कंपनी कुठली?"

"कंपनी न्हाई. म्याच बनवली."

दुकानातल्या गिऱ्हाइकांदेखत रंगराव पोट धरून हसला. "अरं, जिचं गोत म्हाईत न्हाई, तिला सोयरीक कोन देतंय? बिनकंपनीच्या गाडीला रबर न्हाई मिळत!"

"मापाचं कायबी द्या की."

"गाढवं घे, जा. आखितीच्या बाजाराला तुझ्या त्या डबड्यातनं सगळी मडकी साबूत उतरली, तर सगळ्यात मोठा रांजन डोक्यावर घिऊन बाजाराला फेरा मारीन. ह्या सगळ्यांच्या साक्षीनं बोलतोय. आन् एक जरी चिरलं, तर गाडी माझ्या भंगारात."

म्हाळूबी म्हनला, "ठरलं." रागात मानूस काय म्हनत न्हाई?

घरी आला आन् जुन्या चपलांचं तळ कापून हौद्याखाली घातलं. दोन दिसांत त्यांची भाकरी झाली. गोनपाटाच्या घड्या घातल्या, त्यांचा भुगा झाला. म्हाळू डोकं धरून बसला.

तवर हौसा पानी घिऊन आली. डोक्यावर घागर, घागरीखाली लुगड्याच्या धडप्याची गोल चुंबळ.

"आवो," ती म्हनली, "माझ्या घागरीखाली चुंबळ हाय. तुमच्या हौद्याखाली कुठं हाय?"

म्हाळू उखडला. "तुला काय कळतंय इंजानातलं?"

"इंजानातलं न्हाई कळत. वझ्यातलं कळतं. तीस वर्सं डोक्यावर वाहतीया. एक घागर फुटली का?"

म्हाळूला अजून चिडायचं व्हतं, पर आखिती पाच दिसांवर आलेली. त्यानं राग गिळला. "मग कशाची करू चुंबळ?"

हौसा त्याला गोठ्यात घिऊन गेली. म्हशीच्या अंगाखाली साखर कारखान्यातला जुना जाड रबरी पट्टा अंथरलेला व्हता. "एवढी थोराड म्हैस दोन वर्सं ह्याच्यावर उठती-बसती. चेपला का बघा."

म्हाळूनं पट्टा वढला आन् सोळा चकत्या कापल्या. आठ जागी हौदा टेकत व्हता, तितं एक वर, एक खाली. म्हशीनं रागानं दोन दिस दूध चोरलं.

मग म्हाळूनं पाना घेतला आन् दात-व्हट खाऊन नट आवळलं. इंजान चालू केलं. गाडी व्हती तशीच थरथरली! म्हाळूनं पाना अंगनात भिरकावला.

हौसानं तो उचलून परत हातात दिला. "म्या चुंबळ डोक्याला आवळून बांधते व्हय? नुसती ठेवते. मोकळी हाय म्हनून झेलती."

म्हाळू परत हौद्याखाली शिरला. सगळं नट जरा ढिलं केलं, आन् निसटू नयेत म्हनून वर दुसरं नट बसवलं. हौद्यात काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. इंजान धडधडलं. पानी थरारलं, पर एक थेंब सांडला न्हाई.

आखितीच्या बाजारात रंगराव वाटच बघत व्हता. एकेक मडकं सोता वाजवून घ्यायचं म्हनला. टन्न. टन्न. टन्न. दीडशे मडकी वाजवता वाजवता त्याचं बोट सुजलं, पर भद्द काय आलं न्हाई. शेवटाला रांजन. त्याला तीन अंगांनी टिचक्या मारल्या. देवळातली घंटा वाजावी तसा वाजला. सारा बाजार वरडला, "काढा टोपी, रंगराव!"

हौसा म्होरं आली. आपली चुंबळ त्याच्या हातात ठेवत म्हनली, "घ्या, दादा. मापाची हाय. कंपनी तेवढी इचारू नका."

रंगरावानं टोपी खिशात कोंबली, चुंबळ डोक्यावर ठेवली आन् रांजन चढवला. रांजन रिकामाच पायजे, असं काय ठरलं न्हवतं. कुनीतरी त्यात दोन कळश्या पानी वतलं. कोन ते मला इचारू नका, मी म्हातारा मानूस. अख्ख्या बाजाराला फेरा झाला. पानी मानेवरनं सदऱ्यात, सदऱ्यातनं धोतरात उतरत गेलं, आन् खिशातल्या त्या कडक टोपीचं पार फडकं झालं.

तात्पर्य: वझ्याचं ज्ञान वझं वाहनाऱ्याला इचारावं. त्याला हसाल, तर एक दिस तेच वझं आपल्या डोक्यावर येतं, आन् चुंबळबी त्याच्याच हातनं घ्यावी लागती.