ट्रॉलीवरचं नाव

हिंदुराव घाटगे बारा ट्रॅक्टरांचे धनी, त्यांना नाही म्हणायची तालुक्यात कुणाची छाती नव्हती. शिवलिंग मिस्त्रीच्या शेडमध्ये त्यांची उसाची नवी ट्रॉली तयार होत आली होती.

"दहा टन मावले पाहिजेत," त्यांनी फर्मावलं. "आणि ब्रेक नकोत. ट्रॅक्टरला आहेत तेवढे बास."

"मालक, ट्रॅक्टरचे ब्रेक ट्रॅक्टरपुरते. घाटउतारावर दहा टन मागून रेटायला लागले, की ते पुरत नाहीत."

"मला शिकवू नकोस. सांगितलं तेवढं कर."

भिंतीवर मिस्त्रीच्या धाकट्या भावाचा, मल्लूचा, हार घातलेला फोटो होता. त्याने रंगाचा डबा उघडला. "बरं. फळीवर नाव कुणाचं घालू?"

हिंदुराव खुलले. नव्या ट्रॉलीवर घरातल्या लाडक्या लेकराचं नाव घालायची रीतच होती. "नातीचं घाल. ईश्वरी."

मिस्त्रीने ब्रश बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "गेल्या हंगामात मल्लू बिनब्रेकच्या ट्रॉलीखाली गेला. तिच्यावर 'गौरी' लिहिलं होतं. ती गौरी चार वर्षांची आहे, समोरच राहते. पण माझी आई अजून म्हणते, गौरीनं माझं पोरगं खाल्लं. ती अंगणात दिसली, की दार लावून घेते. मालक, ईश्वरी किती वर्षांची?"

हिंदुरावांनी कोऱ्या फळीवर हात ठेवला. "ब्रेक लाव," ते म्हणाले. "आणि भार पाच टनच लिही."

"आणि नाव?"

ते बाहेर पडले होते. मिस्त्रीने ब्रश पुसला. समोरच्या अंगणात गौरी एकटीच खेळत होती.