बॉनेटची कड

गॅरेजमधली अवजारं एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. उस्मान मिस्त्रींच्या गॅरेजात भिंगरी नावाची पॉलिशची मशीन राहायची. तिचा लोकरीचा पॅड गरगर फिरला की मळकट रंगालाही आरशासारखी झळाळी यायची. त्यामुळे तिचा तोरा काही विचारू नका!

एकदा एक जुनी काळी मोटार आली. मिस्त्रींनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आधी बॉनेटच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावली. भिंगरीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"माझ्या वाटेत कशाला तडमडतेस गं? कडासुद्धा चमकवीन मी."

"कडेवर रंग पातळ असतो, बाई," पट्टी म्हणाली. "तुझा एक फेरा, की खालचा पत्रा उघडा!"

"आली मोठी शिकवणारी!" म्हणत भिंगरी मिस्त्रींच्या हातातून उसळली नि थेट कडेवर चढली. चर्रर्र! पट्टीच्या चिंध्या झाल्या. भिंगरी घाबरून थांबली. चिंध्यांखालचा काळा रंग मात्र जसाच्या तसा होता.

संध्याकाळी मोटार चकाकत निघाली. "काय काम केलंय भिंगरीनं!" सगळे म्हणाले. पट्टीचा बोळा कचऱ्याच्या डब्यात पडला होता. भिंगरी त्या बोळ्याकडेच बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पांढरी गाडी आली. मिस्त्रींनी घाईघाईत बटण दाबलं, पण भिंगरी हलेचना. त्यांनी वायर पाहिली, प्लग पाहिला, चार शिव्याही हासडल्या. मग कडेला पट्टी लावायची राहिल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. ती लावली मात्र, भिंगरी गाणं म्हणत गरगर फिरू लागली.