फिलोमेनाची लाल भिंत

फार वर्षं झाली या गोष्टीला. इटलीच्या किनाऱ्यावर, डोंगराच्या उतरणीला चिकटून, मारेल्ला नावाचं कोळ्यांचं गाव होतं. तिथं प्रत्येक घराचा रंग वेगळा. होडी रंगवून उरलेला रंग भिंतीला द्यायचा, म्हणजे परतणाऱ्याला समुद्रावरूनच आपलं घर ओळखू येई. आणि ज्या घरचा माणूस बुडाला, त्या घराला चुन्याची सफेदी करायची. पांढरं घर म्हणजे इथं आता कुणी कुणाची वाट बघत नाही.

फिलोमेनाचं घर लाल होतं. तिचा नवरा गास्पारे वादळात गेला तो परतलाच नाही. वर्षं लोटली, तरी दर वसंतात ती भिंतीवर लाल रंग चढवायची. असं म्हणतात, तो लाल रंग दाट धुक्यातही दिसायचा.

मग एका साली मासळीच मिळेना. होड्यांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल बात्तिस्ता म्हणाला की फिलोमेनानं आपला माणूस समुद्राला अजून दिलेला नाही, म्हणून समुद्र आपल्यावर रुसलाय. गावानं मान डोलावली. अशा वेळी गावं फार लवकर मान डोलावतात. फिलोमेना डोंगरापलीकडे बहिणीकडे गेलेली बघून सगळ्यांनी मिळून तिचं घर पांढरं करून टाकलं.

भिंत अजून ओली होती, तोच बंदराच्या तोंडाशी एक होडी आली. तिच्या शिडाला निळं ठिगळ होतं, फिलोमेनानं शिवलेलं. होडीतला माणूस उभा राहिला. त्यानं वर बघितलं, बराच वेळ बघितलं आणि शीड फिरवलं. गाव ओरडलं, होड्या लोटून त्याच्यामागं गेलं, पण वाऱ्यानं त्याला केव्हाच दूर नेलं होतं.

संध्याकाळी फिलोमेना परतली. भिंतीपुढं उभी राहून एवढंच म्हणाली, "आता तो आला, तर त्याला वाटेल मी वाट बघायचं सोडलं."

कुणाचं तोंड उघडलं नाही. बात्तिस्ताचंही नाही. सगळ्यांच्या माना शरमेनं खाली गेल्या, त्या ती जिवंत असेपर्यंत तिच्यासमोर वर आल्या नाहीत. ती नखांनी चुना खरवडत बसली. असं म्हणतात, तिची बोटं जिथं लागली तिथं लाल रंग आपोआप वर आला, आणि त्या भिंतीवर पुन्हा कधी सफेदी टिकली नाही.

आता मारेल्लात कुठल्याच घराला सफेदी करत नाहीत. वसंतात रंगाचे डबे उघडले की गाव आधी फिलोमेनाच्या भिंतीपाशी जमतं. सर्वांत म्हातारा तांडेल लाल रंगाचा पहिला हात देतो, डोक्यावरची टोपी काढतो, आणि तिला जे कुणीच सांगितलं नाही ते त्या भिंतीला सांगतो.

"फिलोमेना, तो आला होता. आम्ही पाहिला."